उभ्या गाडीचं ॲव्हरेज

आमच्या दाजींच्या गाडीतलं पेट्रोल कोण पितंय, हे शोधायला दाजींना पुरते दोन महिने लागले. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण पिणाऱ्या दोघींपैकी एक मी होते.

दाजी म्हणजे भाईदास पाटील, माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे मालक. मी सुषमा, त्यांची साली. दाजींची मस्करी करणं हा आमच्या खानदेशात सालीचा हक्कच असतो आणि मी हक्क सोडणाऱ्यांतली नाही. आम्ही सुरतेत उधन्याला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, ताई पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या.

दाजी कतारगामला लूमच्या कारखान्यात मास्टर आहेत. मास्टर म्हणजे शिकवणारे नव्हेत. लूम अडला की पाना घेऊन त्याच्या पोटात शिरतात ते मास्टर. शिंदखेड्याकडचं गाव सोडून विसाव्या वर्षी सुरतेला आले, तेव्हापासून रातपाळी. रात्री आठला जायचं, सकाळी आठला यायचं, दिवसभर झोपायचं. शंभर लूमच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळे बोलणं असं की दाजींनी घरात ‘मीठ दे’ म्हटलं की समोरच्या बिल्डिंगमधली बाई वाटी घेऊन खिडकीत येते.

आणि मापाचं वेड! साबणाची वडी किती दिवस पुरली, सिलेंडर किती दिवस चालला, सगळं लिहून ठेवायचं. कशावर? तर ताक्याच्या चिठ्ठीवर. लूमवरून कापडाचा ताका उतरला की त्याला मीटर लिहिलेली चिठ्ठी लावतात. तसल्या कोऱ्या चिठ्ठ्या दाजी खिशातून आणतात, वर आकडे लिहितात आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेल्या तारेत ओवून ठेवतात. एकदा मीच एक चिठ्ठी ओवून आले, ‘भाईदास, वजन ७८ किलो, घरकाम शून्य.’ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कानांना तेवढाच आराम.

आता ताईचं ऐका. लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा एकच खोली होती. पहिल्याच आठवड्यात दाजींनी सांगून टाकलं, “मी झोपलो की घरात आवाज नको.” माणूस रात्रभर मशिनीत उभा राहून आलेला, झोप तर पाहिजेच. ताईने ते जे मनावर घेतलं ते कायमचं. कुकरच्या शिट्ट्या सकाळी आठच्या आत उरकायच्या. भांडं ठेवायचं तर खाली फडकं टाकून. फोन आला तर जिन्यात जाऊन. दोन्ही पोरी कुजबुजत अभ्यास करून मोठ्या झाल्या आणि कुजबुजतच सासरी गेल्या. पुढे दोन खोल्या झाल्या, पण ताईचा आवाज काही परत आला नाही. चोवीस वर्षं! लहानपणी हीच ताई नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या बाईशी भांडायची, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

माझ्या घरी येऊन बोलावं तर तिथे माझे सासरे पुढच्या खोलीत खाटेवर. पाय चालत नाहीत, पण कान असे तिखट की मी मनात काय म्हटलं तेही त्यांना ऐकू जातं. म्हणजे दोघी बहिणी एका बिल्डिंगमध्ये असून जीवाचं बोलायला जागा नाही.

दोन वर्षांपूर्वी दाजींची कंबर धरली, मोटरसायकल सुटली आणि त्यांनी जुनी गाडी घेतली. पांढरी, चार दारांची, हजीऱ्याच्या एका ठेकेदाराकडची. ठेकेदार म्हणाला, एसीचा गॅस संपलाय, भरून घ्या. दाजींना आनंदच झाला. एसी नाही म्हणजे पेट्रोल वाचलं. घरी आल्याआल्या एसीच्या बटणावर काळी चिकटपट्टी मारून टाकली, म्हणजे चुकून कुणाचं बोट लागायला नको.

ॲव्हरेज काढायची त्यांची पद्धत मात्र पक्की हं. नुसत्या काट्याकडे बघून ‘माझी वीस देते’ म्हणणाऱ्या माणसाला दाजी तोंडावर खोटारडा म्हणतात. टाकी पूर्ण भरायची, पंपाची नळी ‘टक्’ करून आपोआप थांबली की बस, वर एक थेंब नाही. किलोमीटरचा छोटा आकडा शून्यावर आणायचा. पंधरा दिवसांनी त्याच पंपावर परत तशीच टक् होईपर्यंत भरायची. जितकं मावलं तितकंच जळलं. झालेल्या किलोमीटरला त्या लिटरने भागायचं आणि चिठ्ठी तारेवर. आणि चालवणंही तसंच. दूरवर लाल दिवा दिसला की पाय वर घ्यायचा, गाडी आपली आपण रांगत जायची. मी मागे बसून ‘दाजी, बैलगाडीवाले हॉर्न देताहेत’ म्हटलं तरी ढिम्म. “ब्रेक मारला म्हणजे मघाशी जाळलेलं पेट्रोल रस्त्यावर ओतलं,” हे वर ऐकवायचे.

कारखान्याला जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, महिन्याला दोन टाक्या, आणि ॲव्हरेज अठरा. कधी अठरा पॉइंट दोन, कधी सतरा पॉइंट नऊ. दिवाळीला गावी गेलो तर मोकळ्या रस्त्यावर एकवीस. लोक पोरांचे मार्क सांगतात तसे दाजी लग्नात पंगतीला बसून तो एकवीस सांगायचे.

यंदा चैत्रात ऊन असं पडलं की भिंतीला हात लावला तर भाकरीचा तवा. दाजींच्या खोलीत कूलर, ताई स्वयंपाकघरात घामाने निथळत. एका दुपारी ती मला सोबत घेऊन गाडी आतून पुसायला खाली गेली. चिकटपट्टीची कड उचकटून धूळ बसली होती, ती काढायला म्हणून पट्टी ओढली आणि ती हातात आली. काच वर घ्यायची म्हणून मी चावी फिरवली होती, गाडीही सुरू झाली होती. ताईने बटण दाबलं. अगं माय! फ्रीजचं दार उघडल्यासारखी गार हवा तोंडावर! ठेकेदाराकडे चार गाड्या. त्याने कुठल्या गाडीच्या एसीबद्दल सांगितलं होतं देव जाणे.

आम्ही चारही काचा लावल्या. बाहेरचे सगळे आवाज बंद. ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम मोठ्याने म्हणाली, “सुषमे!” स्वतःच दचकली. मग पुन्हा म्हणाली, “सुषमे, तुन्ही सासू मरनी तवय मी खोटंच रडनू व्हतू!” आणि अशी हसली, अशी हसली की गाडी हलायला लागली. सासूसाठी मीही खोटंच रडले होते. मी पण हसले.

झालं. रोज दुपारी दोन ते तीन आमची बैठक बसली. दाजी वर कूलरच्या घरघरीत गाढ, चावी खिळ्यावर, गाडी त्यांच्याच खिडकीखाली. मी मोपेड चालवते, त्यामुळे गियर मोकळा आहे ना बघून चावी फिरवण्याइतकी अक्कल मला आहे. उन्हासाठी काचांना टॉवेल लावायचे आणि तासभर नुसतं बोलायचं. ताई गाणी म्हणायची, शिव्या द्यायची, मेलेल्या माणसांच्या नकला करायची. तीन वाजता गाडी बंद, पट्टी होती तशी चिकटवली, ताई वर जाऊन पुन्हा मुकी.

गाडी उभी राहून तासाला जवळजवळ पाऊण लिटर पेट्रोल पिते, हे आम्हाला काय माहीत! किलोमीटरचा आकडा तसूभर हलत नव्हता, म्हणजे खर्च नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पंधरा दिवसांनी दाजी पंपावरून आले ते पांढरेफटक पडून. दोनशे शहाऐंशी किलोमीटर, सव्वीस लिटर. ॲव्हरेज अकरा.

“अकरा!” दाजी ओरडले. बिल्डिंगमधल्या तीन जणांना वाटलं कुणाच्या तरी अकराव्याचं बोलताहेत.

ताईने आणि मी एकमेकींकडे बघितलं. मला भीतीही वाटली आणि हसूही आलं, दोन्ही एकदम.

लूममध्ये बिघाड झाला की मास्टर एका वेळी एकच नट फिरवतो, एक ताका उतरवून बघतो, मग दुसऱ्या नटाला हात लावतो. दाजींनी गाडीलाही तोच नियम लावला. एका टाकीला एकच बदल. पहिल्यांदा टायरची हवा. हवा कमी असली की गाडी ओढावी लागते, हे खरंच आहे, आणि हवा थोडी कमी निघालीही. भरली. पंधरा दिवसांनी अकरा पॉइंट एक. दुसऱ्यांदा पंप बदलला. अकरा. तिसऱ्यांदा वजन. स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसणी काढली, देवाचा फोटो तेवढा ठेवला, तोही वजनकाट्यावर ठेवून बघितल्यावर. माझे मालक गोपाल ब्याण्णव किलोचे. त्यांना एकदा घरी सोडायचं कबूल करून फ्लायओव्हरच्या पायथ्याशी उतरवलं, म्हणाले, “तू वर चालत ये, मी पलीकडे थांबतो.” तीन दिवस आमच्या घरात दाजींचं नाव घ्यायची सोय नव्हती. ॲव्हरेज दहा पॉइंट नऊ.

चौथ्यांदा टाकीच्या झाकणाला कुलूप. “कुणीतरी नळी घालून काढतंय,” म्हणाले.

मी साळसूदपणे विचारलं, “दाजी, उभ्या उभ्या तर नाही ना खात गाडी?”

“सुषमा, तुला मशीन कळत नाही. उभा लूम सूत खातो का? नाही. तशी उभी गाडी पेट्रोल खात नाही.”

“बरोबर आहे दाजी,” म्हटलं.

त्यात एकदा लवकर उठून खाली गेले तर गाडीखाली ओलं. एसी चालला की खाली पाणी ठिबकतं. दाजींनी बोट लावून वास घेतला, मग जिभेवर ठेवलं. पाणी! शेवटी आळ आला आमच्या गल्लीतल्या कुत्र्यावर, आणि त्या बिचाऱ्याला दाजींनी पार उधना दरवाजापर्यंत पिटाळलं.

इथवर गंमत होती. मग ते विठ्ठल मिस्त्रीकडे गेले. विठ्ठल पारोळ्याचा, सुरतेला आले तेव्हा दोघं एकाच खोलीत एकाच चटईवर झोपलेले. त्याने प्लग बघितला, फिल्टर बघितला, सगळं ठीक. खाली ओलं पडतं म्हटल्यावर तो हसला. “मंग एसी चालाडतस तुम्ही.”

“एसी मरेल शे!” मेलाय तो कधीचाच, असं दाजींचं म्हणणं.

“भाईदास, मरेल एसी मुतत नही.”

दाजींच्या डोक्यात राख गेली. जी गोष्ट आपण केलीच नाही ती हा आपल्या तोंडावर कशी म्हणतो! चार गिऱ्हाइकांसमोर बोलून बसले, “तूच काढत असशील माझ्या गाडीतून पेट्रोल.” विठ्ठलने हातातला पाना खाली ठेवला आणि आत निघून गेला. घरी येऊन दाजींनी जाहीर केलं, “जी गाडी मला खरं सांगत नाही ती मला नको. विकून टाकतो.” वराछाचा एक गुजराती भाई बघायला येणार, बुधवारी चार वाजता, असं ठरलंसुद्धा.

तेव्हा मात्र मला माझीच चीड आली. तीस वर्षांची दोस्ती आमच्या गार हवेपायी मोडली. त्या दुपारी मी गाडीत म्हटलं, “ताई, मी सांगून टाकते.”

“सांग,” ताई म्हणाली. “चावी त्यांच्या उशीखाली जाईल. नको सांगूस, गाडी वराछाला जाईल. कसंही केलंस तरी मी परत स्वयंपाकघरात, तोंडाला पदर लावून.” आणि मग म्हणाली, “हे दोन महिने मला माझा आवाज ऐकू आला गं. आता परत नाही जमायचं मला मुकं राहायला.” ताईला रडताना मी खूपदा पाहिलंय, पण नेहमी बिनआवाजी. त्या दिवशी ती हुंदके देऊन रडली आणि मी तिला गप्प बस म्हटलं नाही.

बुधवार आला. चारला गिऱ्हाईक येणार म्हणून अडीचला आम्ही शेवटचं बसून घेतलं. रडायचं नाही असं ठरवून ताईने दाजींची नक्कल सुरू केली. डोळे मिटून, छाती काढून, हुबेहूब तोच आवाज, “ए स्टेपनी! खरं सांग, तू किती किलो? गोपाल, उतर खाली, फ्लायओव्हर आला!” मी पोट धरून हसत होते. तेवढ्यात टॉवेलच्या फटीतून मला एक लुंगी दिसली. लुंगीशेजारी बादली. गिऱ्हाईक यायच्या आत गाडी धुवावी म्हणून दाजी लवकर उठून खाली आले होते.

मी घाबरून दाराचं लॉक दाबायला गेले आणि दाबलं काचेचं बटण. काच सर्रकन खाली. टॉवेल पडला. ताईचे डोळे मिटलेलेच. “हे पाणी कुणाचं? थांब, चाटून बघतो! हां, कुत्र्याचंच!”

दाजी बादली धरून उभे. त्यांनी ताईकडे बघितलं, एसीच्या बटणाकडे बघितलं, मग परत ताईकडे. ताईने डोळे उघडले आणि चेहरा असा झाला की मला वाटलं आता चक्कर येऊन पडणार.

मला वाटलं, आता बादली आमच्या डोक्यावर. पण दाजी म्हणाले, “शोभे, हाऊ आवाज तुन्हा?”

ताईने ओठ हलवले. चोवीस वर्षांची सवय, आवाज कुजबुजीचाच निघाला. “हां. मन्हाच.”

“काय?” दाजी वाकले.

“मन्हाच शे.”

“काय?” त्यांनी कानामागे हात धरला.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! ह्या माणसाला ऐकूच येत नाही! लूमने कान कधीच खाल्ले होते. टीव्ही मोठा लावतात ती कारखान्याची सवय असं आम्ही समजत होतो. आम्ही दोन घरं मिळून एका बहिऱ्याची झोप मोडू नये म्हणून कुजबुजत होतो.

“दाजी, तुम्हाला ऐकू येत नाही का?” मी ओरडूनच विचारलं.

त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. “कारखान्यात बोलू नको. मास्टर लूमचा बिघाड कानाने धरतो. बहिरा मास्टर कोण ठेवेल? मी हात लावून धरतो, पाच-सहा वर्षं झाली.” मग ताईकडे बघून एकदम हळू बोलले. दाजी हळू बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. “हिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मला वाटायचं, हिला माझ्याशी बोलायचंच नाही. आपणहून काय विचारायचं, म्हणून मीही गप्प.”

मला इतका राग आला दोघांचा की काय सांगू. ती ह्यांच्या झोपेसाठी गप्प, हे तिच्या गप्प असण्याने गप्प, आणि मधल्या मध्ये पिटाळला गेला कुत्रा! आणि राग आला तरी डोळ्यांत पाणी यायचं थांबेना.

तेवढ्यात तो वराछाचा भाई मोटरसायकलवरून उतरला. वेळेआधीच. गाडी चालूच होती. त्याने एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप मारली आणि विचारलं, “बोलो भाई, एवरेज केटली आपे छे?”

आता गंमत बघा. दाजींना कारण कळलं होतं. गाडीत खोट नाही, अठरा देते, हे त्यांना आता कुणीही शपथेवर विचारलं असतं तरी छातीठोक सांगता आलं असतं. गाडीची लाज राहिली असती, सौदाही चोख झाला असता. दाजींनी ताईकडे पाहिलं.

“अगियार,” दाजी म्हणाले. म्हणजे अकरा.

“अगियार? आ गाडी छे के टँकर?”

दाजींनी खिशातून चिठ्ठ्या काढून त्याच्या हातात दिल्या. पाचही टाक्यांच्या, तारखेसकट. त्याने त्या वाचल्या, गाडीकडे पुन्हा ढुंकूनही न पाहता किक मारली आणि गेला.

“दाजी, अठरा सांगायचं होतं ना!” मी म्हटलं.

“चिठ्ठीवर आहे ते सांगितलं. खोटं बोललो का?” तोंड गंभीर, पण मिशी हलत होती. “संध्याकाळी जाताना विठ्ठलकडे थांबतो. शिव्या घालेल. जेवढ्या ऐकू येतील तेवढ्या खाईन.”

मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि सीटवर टेकले, एक पाय आत, एक बाहेर. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या अंगाला त्यांच्याच गाडीची गार हवा लागली. डोळे मिटून म्हणाले, “शोभे, मघाशी काय बोली राहिंती, ते परत बोल.”

ताईने तोंड उघडलं. कुजबुज.

“आयकू येत नही.”

ताईने घसा खाकरला. थोडा आवाज चढला, पण थोडाच.

“आयकू येत नही, शोभे.”

ताईने माझ्याकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं, लांब श्वास घेतला आणि असा आवाज काढला की दुसऱ्या मजल्यावर माझे सासरे खाटेवर उठून बसले.

“मंग दार लावा ना आधी! पेट्रोल वाया जाई राहिनं!”

दाजींनी पाय आत घेतला आणि दार लावलं.